तुमचं लाडकं विमान कोणतं? पाहिलेलं सांगा, वाचलेलं नको

बांधावरचा
राजेहो, कापसाची वेचणी चालू हाय, परवा दुपारी डबा खाऊन बांधावर टेकलो होतो, वर पाहतो त एक पांढरी रेघ वणीकडून हिंगणघाटकडे सरकून राहिली. पोट्टं म्हणे बाबा हे कोणतं विमान, मोबाइलवर पाहिलं त चेन्नईहून दिल्लीले जाणारं ए320 निघालं. मुंबई-कोलकाता न् दिल्ली-चेन्नई, दोन्ही रस्ते आपल्याच डोक्यावरून जातात न आपण आयुष्यभर खालून पाहतो. त म्हटलं विचारावं, लढाऊ असो का प्रवासी, तुमचं आवडतं कोणतं? अट एकच. राफेलचा वेग न मिसाइलची रेंज यूट्यूबवर सगळ्यायनं पाहिली हाय, ते नको. सोताचं सांगा.

बुटीबोरीकडचा
आयएल-76. हवाई दलाचं मालवाहू विमान, गजराज म्हणतात त्याले. आमचं गाव नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीच्या सरळ रेषेत, त्यामुळे ते उतरायले यायचं तेव्हा चाकं बाहेर काढून आमच्या वावरावरूनच जायचं. आधी आवाज नाही यायचा, आधी बैलांचे कान उभे व्हायचे, मग बुढा ओरडायचा "कासरा धर बे!" आणि मग तो चार इंजिनांचा हत्ती लिंबाच्या झाडावरून असा हळू जायचा का वाटायचं आता बसतेच खाली. नाकाखाली काचेची खोली असते त्याले, तिथं नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा, बसते हे मले लय उशिरा समजलं, लहानपणी आम्हाले वाटे का तो माणूस आपल्यालेच पाहून राहिला म्हणून आम्ही सगळे पोट्टे हात हालवायचो. चाकं किती यावर भांडणं व्हायची, कोणी आठ म्हणे कोणी बारा. 20 आहेत. समोर 4 न मागं 16. लहानपणी माहीत असतं त दोन-चार पैजा जिंकलो असतो.

मिहानवाला
आयटीआय करून नागपूरच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायच्या एका हँगरमध्ये लागलो, तेव्हापासून बोइंग 777. 777-300ईआरच्या इंजिनासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस विसरत नाही. पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, म्हणजे आमची बैलबंडी जुवासकट उभी केली तरी वर जागा उरते. आईले फोटो पाठवला, तिनं विचारलं हे काय, पिठाची गिरणी?

खामगावचा जुना एअरमन
मिग-21, लढाऊ विमान. आता कोणी "उडतं कफन" वगैरे लिहिणार असेल त आधीच सांगतो, लिहू नका. अपघात झाले, आमच्यासमोर झाले, ज्यांच्या ताटाशेजारी जेवलो ते परत नाही आले, ते मी कोणापेक्षा कमी नाही जाणत. पण 1963 ला आलेलं विमान 2025 पर्यंत ओढलं तर दोष विमानाचाच का? एवढंसं पंख, त्यामुळे उतरताना ताशी 300 किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागे, चाकं टेकली का मागून ब्रेक पॅराशूट फटकन उघडायचं. धावपट्टीवरून ते गोळा करून आणायचं, वाळवायचं न पुन्हा घडी घालून भरायचं. ती घडी म्हणजे लुगड्याची घडी नाही, दाबून दाबून गुडघ्यानं बसवावी लागे, हाताची सालटं निघत. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप दिला तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. बायको म्हणे जेवून घ्या. जेवलो नाही.

बांधावरचा
काका, सलाम.

कामठ्याची
गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी आहे न, इंग्रजांच्या वेळची, तिथं पायलट व्हायला पोरंपोरी येतात. त्यांचं डायमंड डीए-40 माझं आवडतं. एक इंजिन, ग्लायडरसारखे लांब बारीक पंख, धानाच्या बांध्यांवरून सकाळपासून घिरट्या. उतरते, टेकते न टेकते का पुन्हा वर. आमची आजी म्हणायची याले काही विसरलं काय, घडीघडी माघारी येते! रोवणीच्या दिवसात चिखलात उभं राहून आम्ही बाया मोजायचो किती चकरा झाल्या, कारण मजुरी सुटायची वेळ तशीच कळायची. माझी मुलगी नववीत आहे, तिला आता तिथंच शिकायचंय. फी ऐकून मी काही बोलले नाही, आणि तिलाही गप्प केलं नाही.

पुलगाव
सुखोई-30. एकदाच पाहिलं, नागपूरच्या रस्त्यावर, दोन सेकंद. आवाज आला तवर विमान गेलं होतं. बस्स.

वर्धेचा नातू
मी पाहिलेलं नाही म्हणून अट मोडतो, आबाजींनी पाहिलेलं सांगतो. डाकोटा, जुनं पंख्याचं विमान. आबाजी नागपूरला डाक खात्यात होते. 1949 ला रात्रीची हवाई डाक सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता न मद्रास अशा चारही बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. एका रात्रीत मद्रासचं पत्र दिल्लीले! आबाजी सांगायचे का डाकोटाची शेपटी जमिनीवर टेकलेली असते, त्यामुळे आत चढउतारावर चालल्यासारखं थैल्या वाहाव्या लागत, थंडीच्या दिवसातही अंगातली बंडी घामानं ओली. मरेपर्यंत विमानाले ते "डाकगाडी"च म्हणत.

डबा पार्टी
@बांधावरचा, भाऊ ए320 न बोइंग 737 मोबाइल न पाहता ओळखायचं असेल त वर चढताना पोटाखाली पाहा. 737 ची मागची चाकं आत घेतली तरी झाकण नसल्यामुळं काळी गोल दिसतात. ए320 ले झाकण असते. शेपटीच्या बुडाशी मोडलेला कोन दिसला तरी 737. माझं आवडतं बोइंग 787, पंखं उडताना वर वाकतात धनुष्यासारखे.

मास्तर (गडचिरोली)
एमआय-17 हेलिकॉप्टर. आवडतं म्हणू का नको तेच कळत नाही, पण दुसरं नाव सुचत नाही. 2019 ची लोकसभा, मतदान 11 एप्रिलले, आमची मतदान घेणारी पार्टी भामरागड तालुक्यात. रस्त्यानं नेत नव्हते, का ते सांगायची गरज नाही. मैदानात हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा मोहाचा सगळा पाचोळा उठून आमच्या तोंडावर, माझी टोपी गेली ती गेलीच. जवानानं हातानंच सांगितलं, वाका, मागं जाऊ नका, शेपटीच्या पंख्याकडं. आत दोन्ही बाजूले बाक, गोल खिडक्या, रॉकेलासारखा वास, आणि आवाज असा का बाजूच्या मॅडम रडून राहिल्या होत्या तेही मले पाहूनच समजलं. मशीनची पेटी मांडीवर धरून बसलो होतो, जसं काही पोरगंच हाय. खिडकीतून खाली नुसतं रान, आणि मग एकदम तीन नद्या एकात मिसळताना दिसल्या, इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा. शाळेत इतकी वर्षं फळ्यावर खडूनं काढली, वरून पहिल्यांदा पाहिली. भीती गेली नाही, पण तेवढं एक मिनिट विसरलो. मतदानानंतर परत आणायले तेच आलं तेव्हा लांबून फटफट ऐकू आली न आमच्यातला एक शिपाई म्हणे, "आली बाप्पा माय!"

चांदूरकर
साधं एटीआर-72, पंख्याचं छोटं प्रवासी विमान. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ले मुंबईची सेवा सुरू झाली, मे महिन्यात आईले घेऊन गेलो. मागच्या दारानं चढायचं, एसटीसारखं वाटलं म्हणून आईले धीर आला. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसते. आई पूर्ण वेळ काचेले नाक लावून आपलं वावर हुडकून राहिली होती. मी म्हटलं, आई आपण अकोल्याच्याही पुढं आलो. तरी हुडकणं चालूच.

बांधावरचा
मास्तर, टोपी मिळाली का शेवटी?

मास्तर (गडचिरोली)
नाही. सरकारी ड्युटीवर हरवली, बिलात टाकू का म्हटलं, तर साहेब हसले.