ब्रायन मेचा आवाज: घरी बनवलेल्या गिटारीचा की अँपचा?

गोदाकाठ_गिटार
'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे चाहते 'रेड स्पेशल'ची आरती ओवाळणं काही सोडत नाहीत. बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच करायला घेतलेली गिटार, मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची वगैरे. कथा भारी आहे, पण आवाज कथेतून निघत नाही. मोठा वाटा व्हॉक्स एसी-३० अँपचा (अँप्लिफायरचा) आणि त्याआधीच्या ट्रेबल बूस्टरचा, म्हणजे सिग्नल आणि त्यातली वरची धार वाढवणाऱ्या छोट्या डबीचा. नॉर्मल चॅनल, अँपचा व्हॉल्यूम पूर्ण, आणि स्वच्छ की फाटका हे गिटारीच्या व्हॉल्यूमवरून ठरवायचं. एवढं जमलं तर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या पोरांची साधी स्ट्रॅटही (स्ट्रॅटोकास्टर गिटार) बरीच जवळ जाते.

सातपूर_सोल्डर
बरीच म्हणजे किती? स्ट्रॅटचे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) पॅरललमध्ये म्हणजे समांतर जोडलेले, रेड स्पेशलचे तिन्ही सिरीजमध्ये, एकामागोमाग. दोन सिरीजमध्ये घेतले की आउटपुट वाढतं, वरची धार थोडी मऊ होते. बूस्टरला नेमकं तेच लागतं. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन बटणं: एक चालू-बंदचं, एक फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटवायचं. एकाचा फेज उलटला की खालचे सूर एकमेकांना खातात आणि तो किरटा, नाकातला आवाज उरतो. स्ट्रॅटच्या पिकअप-स्विचच्या दोन आणि चार नंबरला लोक 'आउट ऑफ फेज' म्हणतात, पण तिथे पिकअप नुसते पॅरलल असतात. तुमचा बूस्टर हे कुठून आणणार?

पंचवटी_एक्स्प्रेस
बूस्टर घेणारे फसतात ते दुसरीकडेच. तो गिटारीनंतर पहिलाच हवा. मध्ये बफरवालं (पिकअपला पुढच्या सर्किटापासून वेगळं पाडणारं) ट्यूनर पेडल आलं की आवाज टोचरा होतो, कारण जुन्या धाटणीच्या बूस्टरला थेट पिकअपचा भार लागतो. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा असेल तर नाशिकच्या मे महिन्यात (ब्रायनचा संबंध नाही) लीकेज (नको असलेला गळका प्रवाह) वाढतं, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली विद्युत पातळी) सरकतो, सूर मध्येच तुटतात. बहुतेक जर्मेनियम सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचे (बाकीच्या पेडलांच्या उलट), म्हणून बाकीच्या पेडलांच्या अॅडॉप्टरवर लावू नका. नऊ व्होल्टची वेगळी बॅटरी द्या, किंवा सरळ सिलिकॉनचा घ्या.

ढोल_ताशा_बास
अहो, आणि नाणं? ब्रायन तारा छेडायला प्लास्टिकचा पिक वापरत नाही, सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. कडेचे दाते तारेवर घासले की सुराच्या सुरुवातीला ती खरखर येते. नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी नाहीत, तेव्हा कडेला दाते असलेलं जुनं चार आण्याचं नाणं शोधा. गुळगुळीत कडेचं स्टीलचं नको, त्यात खरखरच नाही. आणि धरायचं सैल. घट्ट धरलं तर तारा लवकर खराब होतात.

गोदाकाठ_गिटार
नाणं मान्य, फेजचं नाही. 'डीकी' अँप विसरलात? क्वीनचा बासवादक जॉन डीकनने टाकाऊ सर्किटातून केलेला, बॅटरीवर चालणारा छोटासा अँप. स्टुडिओतले ते गिटारींचे थरावर थर त्याच्यातून आलेत. गिटार तीच, अँप बदलला की आवाज बदलला. माझा मुद्दा सिद्ध.

सातपूर_सोल्डर
अर्धाच! डीकीत शिरणारा सिग्नल त्याच सिरीज पिकअपचा आहे, भाऊ. प्रयोग करायचाच तर दोन पिकअप सिरीजमध्ये जोडा, एकाला डीपीडीटी स्विच (दोन तारा एकदम अदलाबदल करता येणारा) लावून फेज उलटवता येईल असं करा. मात्र आधी त्या पिकअपचं धातूचं कव्हर ग्राउंडच्या तारेपासून वेगळं काढा. नाहीतर फेज उलटवल्यावर ते कव्हर सिग्नलच्या बाजूला येतं, आणि हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइटी अँपमधून गुणगुणतात.