सर्व्हो रिकामा बॉल व्हॉल्व्ह फिरवते, प्रेशरखाली अडते. स्वतःचाच व्हॉल्व्ह बनवू का?

कापूसकोंडा:
राम राम मंडळी. हिंगणघाटजवळचं गाव आहे माझं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही चार पोट्टे मिळून लहान लिक्विड रॉकेट इंजिन बनवून रायलो, इंधन इथेनॉल आन ते जाळाले नायट्रस (नायट्रस ऑक्साइड), इथेनॉल सेकंदाले १०० ग्रॅम. सध्या सगळं फक्त पाण्यावर चालू आहे. अर्ध्या इंची स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह घेतला (आतला भोकाचा गोळा पाव फेरा फिरला का उघडते), दांडा कापून सर्व्हो, म्हणजे सांगितल्या कोनात फिरणारी मोटर, २५ किलो-सेंमी जोराची, लावला, रिकाम्या लाइनवर मस्त फिरते पण टेस्टिंग पंपानं ४० बार चढवले का तिथंच गुरगुरत बसते. आता वाटते लेथवर पॉपेट व्हॉल्व्ह (सीटवरचं झाकण उचललं का उघडणारा) काढावा, लहान, हलका, झटकन उघडझाप करणारा. पण झटकन बंद झाला तं पाइप फुटन काय? आमच्या वावरात नदीवरून लाइन आहे, लाइट गेली का एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) धाडकन आदळते, दोन वर्षांत तीनदा जॉइंट उखडला. मे महिन्यात खड्डा मीच खोदला म्हणून इचारतो.

पाना_बारा:
भीती खरी आहे भाऊ. झटक्याचं प्रेशर म्हणजे घनता गुणिले त्या द्रवातला आवाजाचा वेग गुणिले थांबलेला वेग. ६ मिमी पाइपातून तुझं इथेनॉल साडेचार मीटर प्रति सेकंदानं जाईल, घनता ७९०, आवाज ११५०, म्हणजे ४० बार, तेही आधीच्या प्रेशरवर चढून. पाइप १० मिमी घेतला तर हाच आकडा १५ च्या आसपास येतो.

लेथमास्तर:
पाना भाऊ, हिशोब बरोबर पण अर्धाच सांगितला. पूर्ण झटका तेव्हाच बसतो जेव्हा प्रेशरची लाट पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायच्या आत व्हॉल्व्ह बंद होतो. याची लाइन असेल मीटरभर, लाट जाऊन यायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत, आणि सर्व्होला पाव फेरा मारायला शंभर-दीडशे लागतात. वावरातली पाचशे मीटर पीव्हीसी घे, तिथं लाटेचा वेग ४०० धरला तरी अडीच सेकंद, म्हणून एनआरव्ही एका सेकंदात बसला तरी पुरा दणका. तुझा खड्ड्याचा अनुभव इथं लागू होत नाही.

आता पॉपेट. १० मिमीच्या सीटवर ४० बार म्हणजे बत्तीसेक किलो जोर. तो उचलायला एअर सिलिंडर पाहिजे नाहीतर उलट बाजूनं जोर तोलणारा बॅलन्स पिस्टन, मंग अजून ओ-रिंग, अजून गळती. सीट आणि दांडा एका सेंटरमध्ये काढता काढता दिवाळी येते, मी हे करून बसलोय. बॉल व्हॉल्व्हच ठेव. प्रेशर आलं की बॉल टेफ्लॉनच्या सीटवर दाबला जातो, रातभर तसाच राहिला तर अजून चिकटतो, म्हणून सर्व्हो अडतो. व्हॉल्व्हवर १० सेंमीचा दांडा लाव, बॅगा मोजायचा काटा अडकव, ४० बारवर ओढून पहा. जे किलो येईल त्याच्या दीड-दोनपट जोराचा सर्व्हो पकड.

संत्रा_मोसंबी:
नायट्रसच्या बाजूचं कोणी बोललंच नाही राजेहो! बंद बॉलच्या पोटात द्रव अडकून राहते, तापलं का जायले जागा नाई. बॉल बंद असताना टाकीकडं तोंड येईन अशा बाजूनं बारीक भोक पाडतात. मंग तो व्हॉल्व्ह एकाच दिशेनं चालते, बाण काढून ठेवा नाईतर पोट्टे उलटा लावतीन. नवा व्हॉल्व्ह ग्रीस लावून येते, खोलून पूर्ण धुवा, नायट्रसच्या लाइनीत साधं ग्रीस म्हणजे जळण. आन नायट्रस ३६.४ डिग्रीच्या वर द्रव राहतच नाई, आपल्याकडं एप्रिलातच सावलीत चाळिशी पार. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात मोजावेले नुसता नायट्रस सोडून पाहत होते, इंजिन पेटवलंच नव्हतं, तिघं गेले. सिलिंडर भरणं-ठेवणं पेसोच्या (स्फोटकं आन गॅस सिलिंडर पाहणारं केंद्र सरकारचं खातं) नियमात येते, त्यांचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे, आधी तिथं जाऊन इचारा.

कापूसकोंडा:
काटा लावून पाहिला. पहिल्या झटक्याले साडेसहा किलो, दुसऱ्यांदा पाच. म्हणजे नुसतं फिरवायलेच ६५ किलो-सेंमी पाहिजे आन मी २५ वाला घेऊन बसलो होतो 😅 पॉपेटचं ड्रॉइंग बाजूले ठेवलं. एकास चारचा गिअर लावला तं तोच सर्व्हो चालन काय, का ३६० डिग्री फिरणारा घ्या लागन?

लेथमास्तर:
तुझा फिरत असेल १८०, गिअरनंतर राहतील ४५. व्हॉल्व्ह अर्धाच उघडेल. मोठाच घे. आणि माणसं भिंतीमागे, पाण्यावर असला तरी.