बाळाच्या झोक्याला २४ हजार घालायचे का? (सोसायटी ग्रुप)

बी-३०४ (मी): नमस्कार सगळ्यांना, जरा एक विचारायचं होतं. आमचं बाळ अडीच महिन्याचं झालं, संध्याकाळी सहा वाजले की भोंगा सुरू ते साडेनऊपर्यंत, हातातून खाली ठेवलं की संपलंच. ह्यांनी ऑनलाइन एक इलेक्ट्रिक झोका बघून ठेवलाय, पाच स्पीड, ब्लूटूथ, मोबाईलवरून चालतो, किंमत २३,९९९. राजारामपुरीत एका दुकानात साधा बॅटरीवाला साडेआठ हजाराला आहे. सासूबाई म्हणतात माळ्यावर पाळणा आहे की. कुणी वापरलाय का ओ असला झोका?

ए-१०२ काकू: २४ हजार??? सोन्याचा हाय का काय गं 😂

ए-१०२ काकू: आमची दोन्ही पोरं झोळीत वाढली. आईची सुती नऊवारी, वर कडी, मधी लाकडाची दांडी घालायची म्हंजे कापड तोंडावर येत नाही. खर्च शून्य. मी सांगतो ऐक, पैसे ठेव, पुढं शाळेच्या फीला लागतील.

सी-२०१ दादा: काकू कडी कुठं लावणार? आपल्या स्लॅबला कडीच नाही, पंख्याच्या हुकाला झोळी बांधायची का आता

सेक्रेटरी काका: स्लॅबला ड्रिल मारायचे असल्यास आधी लेखी कळवावे. मागे बी विंगमध्ये ड्रिलने वायर तुटून अर्धा दिवस लाईट नव्हती.

सी-२०१ दादा: काका ते ड्रिल तुमच्याच एसीचं होतं 🙏

ए-४०३ वहिनी: अगं थांब, घेऊ नको लगेच, माझं ऐक. आमच्याकडं आहे असला, दोन वर्षांपूर्वी भावानं हौसेनं आणला, बारशात सगळ्यांनी फोटो काढले त्याच्यासोबत, आणि पहिले चार दिवस आमची पोरगी त्यात ठेवली की असं रडायची की खालच्या मजल्यावरनं विचारायला यायचे, मग एक दिवस सगळ्यात कमी स्पीडवर ठेवलं आणि काय जादू झाली काय माहीत, गप्प. वीस मिनिटं. ती वीस मिनिटं म्हणजे काय असतंय ते तुला आता कळत असेल, मी केस धुवून आले त्या दिवशी, चक्क दोनदा शाम्पू लावून. पण साडेपाच महिन्याला ती पुढं झुकून स्वतः उठून बसायला बघायला लागली आणि कारभार संपला, पुस्तकात लिहिलंय नऊ किलोपर्यंत किंवा मूल आपलं आपण बसायला लागेपर्यंत, जे आधी होईल ते. ती तेव्हा सात किलोपण नव्हती. म्हणजे साडेतीन महिने वापरला. आता माळ्यावर आहे, त्यावर दिवाळीचा आकाशकंदील ठेवलाय.

बी-३०४ (मी): बापरे. साडेतीन महिने धरले तर महिन्याला सात हजार होतात 😳 एवढ्यात कामाला बाई मिळेल

ए-१०२ काकू: आणि बाई स्वयंपाकपण करंल

ए-४०३ वहिनी: हो आणि एक चूक मी केली ती तू करू नको. पोरगी त्यातच झोपली की मी तशीच ठेवायची, दोन दोन तास. पुढच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी असं झापलं की बस.

डी-१०१ डॉक्टर ताई: बरोबर झापलं 🙂 मी लहान मुलांची डॉक्टर नाही पण हे सगळ्यांना माहीत असावं. झोक्यात बाळ अर्धवट बसलेलं असतं. तान्ह्याची मान धरलेली नसते, झोप लागली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. आवाज नाही, धडपड नाही, म्हणून आपल्याला कळतच नाही. अमेरिकेत फिशर-प्राइस म्हणून खेळण्यांची कंपनी आहे, तिच्या स्नूगा झोक्यांबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठी सूचना निघाली, २० लाखांवर झोके होते, २०१२ ते २०२२ मध्ये त्यात झोपवलेली पाच बाळं दगावली होती. डोक्यामागची गादी कापून काढा म्हणून सांगितलं. त्यामुळं झोका जागेपणी, पट्टे लावून, आणि तू समोर असताना. डोळे मिटले की उचलून सपाट, टणक गादीवर, पाठीवर. उशी नको, लोड नको.

ए-१०२ काकू: मग झोळीत काय होतंय? आमची झोपलीच की

डी-१०१ डॉक्टर ताई: काकू झोळीतपण अंग वाकतंच हो. तुम्ही शेजारी बसून असायचा, तुमचा हात झोळीला असायचा. आता ही बिचारी एकटी आहे, कुकर बघणार का झोळी

ए-१०२ काकू: हे मात्र खरं

डी-१०१ डॉक्टर ताई: आणि अजून एक. तान्ह्याचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्याला बरंच कमी होतं. तुझं बाळ उताराला लागलंय. २४ हजाराचा झोका घरी यायच्या आधीच रडं थांबलं तर तू म्हणशील झोक्यानं थांबलं 😄 ताप असेल, दूध पीत नसेल किंवा रडणं वेगळं वाटलं तर मात्र झोका बिका सोड, डॉक्टरांना दाखव.

सी-२०१ दादा: मी वाचलं होतं, जपानमध्ये २०२२ ला २१ बाळांवर प्रयोग केला. रडणारं बाळ घेऊन पाच मिनिटं सलग चालायचं, थांबायचं नाही, बरीचशी शांत झाली आणि काही झोपलीपण. मग लगेच खाली ठेवायचं नाही, घेऊन पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. नुसतं घेऊन बसलेल्यांची गप्प झाली नाहीत.

ए-१०२ काकू: ह्यासाठी जपान? आमच्या सासूबाई अंगणातनं फेऱ्या मारायच्या

ए-४०३ वहिनी: ए बी-३०४, मी काय म्हणते, आमचा काढून देते, आठ दिवस वापरून बघ. बसला तर ठेव, नाही बसला तर परत माळ्यावर. कव्हर धुवून दे फक्त, आकाशकंदिलाची चमकी असंल त्यावर. आणि पट्टे, नट सगळं नीट तपास, जुना आहे.

बी-३०४ (मी): वहिनी खरंच?? 🙏🙏 ह्यांना आत्ता वर पाठवते

(चार दिवसांनी)

बी-३०४ (मी): झोक्याचा रिपोर्ट. पहिल्या दिवशी दुसऱ्या स्पीडला ठेवला तर तोंड असं वाकडं केलं की जणू मी त्याला एस्टीत बसवलंय. एक नंबरला बसतोय, सकाळी दुधानंतर, ढेकर काढून अर्धा तास थांबून मग. बारा ते पंधरा मिनिटं. वरच्या त्या तीन कापडी पक्ष्यांपैकी एकाचीच त्याला पडलीय, पिवळ्याची. तेवढ्यात मी गरम भाकरी खाते, बसून. पण संध्याकाळी सात वाजता झोका, गाणं, कायच चालत नाही, तेव्हा हातच लागतो. त्यामुळं २३,९९९ वाला ह्यांनी कार्टमधनं काढला. वहिनी, अजून दोन महिने ठेवते, चालेल?

ए-४०३ वहिनी: ठेव की, मला कुठं बसायचंय त्यात

सी-२०१ दादा: काल बाळाचे बाबा दिसले पार्किंगमध्ये, बाळ खांद्यावर, माझ्या गाडीला आठवी फेरी चालू होती

बी-३०४ (मी): हो, जपानी पद्धत 😂 पाच मिनिटं म्हणतात, आमच्याला पंचवीस लागतात

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना सूचना, सायंकाळी ७ ते ८ पार्किंगमध्ये बाळ घेऊन फेऱ्या असतात. गाड्या सावकाश आणाव्यात, हॉर्न वाजवू नये.