रि: रि: रत्नागिरी ट्रिप, रविवारचा हेदवीचा टाइम चुकलाय

अप्पा, दांडिया बाजार

मेधा, काल तू टाकलेला प्लॅन वाचला. गाडी आणि गणपतीपुळ्याची राहायची जागा, दोन्ही उत्तम. पण रविवारी सकाळी सहाला निघून साडेनऊला हेदवी हे कुणी ठरवलं? साडेनऊला बामणघळीत नुसते खडक दिसतील. त्या दिवशी षष्ठी आहे.

माझं आजोळ पालशेत, गुहागरच्या खाली. तिथे कुणाकडे भरतीचं कोष्टक नसायचं, आजोबा तिथीला पाऊणपट करायचे. तिथी गुणिले तीन भागिले चार, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, पाऊण तास इकडेतिकडे होतं पण सहा तासांचा घोळ कधी होत नाही. तर षष्ठीला साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला एक भरती आणि सव्वाबारा-साडेबारा तासांनी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुसरी. मधे पावणेअकराला पूर्ण ओहोटी. आपण साडेनऊला पोचणार तेव्हा पाणी उतरत उतरत जवळजवळ तळाला गेलेलं असणार.

बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद चीर आहे. भरतीच्या लाटा त्यात घुसतात, पुढे जायला वाट नाही म्हणून पाणी उसळून वर येतं. पाणीच आत येत नसेल तर बघायचं काय? चौतीस माणसं बडोद्याहून रात्रभर प्रवास करून नेऊन त्यांना चीर दाखवू नका.

मेधा

अप्पा, टाइम मी मनाने नाही घातला. मोबाइलवर भरतीचं ॲप आहे, त्यात त्या रविवारी सकाळी नऊच्या आसपास हाय टाइड दाखवतंय, म्हणून तर हेदवी पहिलं ठेवलं आणि सहाला निघायचं म्हटलं. कावी-कंबोईला स्तंभेश्वरला गेलो होतो तेव्हा ह्याच ॲपवरून सगळं केलं होतं आणि देऊळ बरोबर आपल्या डोळ्यांसमोर पाण्याखाली गेलं, सगळ्यांनी बघितलंय. तिथी वगैरे ठीक आहे पण आता एवढी सोय असताना तोंडी हिशोबावर चौतीस जणांचा दिवस कसा बदलायचा? गाडी आठवड्यातून एकदाच आहे, बुकिंग ६० दिवस आधी उघडलं त्या सकाळी आठला मी आणि ओंकार दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तारखा आता हलणार नाहीत, प्लीज कुणी तारखा बदला म्हणू नका.

शुभाताई, रावपुरा

तारखेचंच लिहायला बसले होते. मेधा, अप्पांनी षष्ठी म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ती चंपाषष्ठी आहे गं! मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. आमच्याकडे प्रतिपदेपासून खंडोबाचं नवरात्र असतं, सहाव्या दिवशी तळी भरल्याशिवाय घरातलं कुणी बाहेर पडत नाही. माझ्या सासूबाई होत्या तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आणि आमचं एकटीचंच नाही, ट्रिपमधल्या निदान पाच-सहा घरी आहे. सकाळी सहाला बसमध्ये बसायचं तर तळी कधी भरायची, नैवेद्य कधी? मार्तंडाचा दिवस आहे, असा उरकून टाकायचा नाही.

एक आठवडा पुढे नाही का जाता येणार? गाडी आठवड्याने परत आहेच की.

अप्पा

शुभाताई, आठवडा पुढे गेलं तर त्रयोदशी येते. तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती, शिवाय पौर्णिमा जवळ म्हणून उधाण. षष्ठीचं पाणी भांगाकडे, म्हणजे छोट्या भरतीकडे, झुकलेलं, फार चढत नाही. नुसती घळ बघायची असती तर मीही आठवडा पुढेच म्हटलं असतं. पण पौर्णिमेला दत्तजयंती आहे, त्याआधीचा आठवडा गुरुचरित्राच्या सप्ताहाचा. माझ्याच घरी वाचन असतं, आणखी चार घरी असेल. तेव्हा तारीख आहे तीच राहू दे.

मेधा, ॲपबद्दल एक विचारतो, रागावू नकोस. त्यात गाव कुठलं घातलंय?

विनूकाका, मकरपुरा

भरती-ओहोटीचं तुम्ही बघा, मला बसची काळजी आहे. जयगड ते तवसाळ फेरीबोटीत बस घालायची म्हणताय, बत्तीस-पस्तीस सीटची बस, माणसं आणि सामान. मागे एकदा दुसऱ्या एका मंडळींबरोबर कोकणात गेलो होतो, बसवाला धक्क्यापर्यंत आला आणि म्हणाला बोटीत गाडी घालायची परवानगी मालकाने दिलेली नाही. तिथून उलटं फिरून डोंगरातून वळसा, जेवण साडेतीनला. बायका-मुलं हैराण. म्हणून माझं म्हणणं, सरळ रस्त्याने जा. बोट नको.

अप्पा

विनू, सरळ रस्ता नाहीच आहे. मधे शास्त्री नदीची खाडी आहे, जयगड अलीकडे, तवसाळ पलीकडे. बोटीने पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं. बोट टाळायची तर हायवेला वर चढून, पूल ओलांडून परत खाली समुद्राकडे उतरायचं, अख्खी सकाळ त्यात जाते. कोकणात दोन गावं समोरासमोर दिसतात आणि मधे खाडी असते, म्हणून तर ह्या फेऱ्या आल्या. बसेस जातात त्यात. तुला त्रास झाला तो बोटीमुळे नाही, आधी बोलून न घेतल्यामुळे.

ओंकार

अप्पांच्या वरच्या मेलला +१. बसवाल्याकडून लेखी घेऊ, फेरीचं भाडं कोणी द्यायचं तेही त्यातच.

दोन गोष्टी वेगळ्या. एक, प्लॅनमध्ये “मांडवी, संध्याकाळी ५” असं लिहिलंय ते आजीने वाचलं आणि मला विचारते की मांडवी तर रोजच बघतो, ट्रिपमध्ये कशाला. तर सगळ्यांसाठी, ही रत्नागिरीची मांडवी, समुद्रकिनारा आहे, काळसर वाळूचा. आपली दरवाज्याची मांडवी नाही.

दोन, सोमवारी थिबा पॅलेस ठेवलाय. तिथलं म्युझियम सोमवारी बंद असतं. म्हणजे बाहेरून लाल इमारत बघून परत. मला ते आतून बघायचंच आहे. ब्रह्मदेशच्या राजाला १८८५ च्या लढाईनंतर इंग्रजांनी पकडून आणलं, १८८६ पासून रत्नागिरीत ठेवलं, एवढा मोठा राजवाडा १९१० ला बांधून झाला आणि १९१६ ला तो तिथेच गेला. तीस वर्षं! परत घरी गेलाच नाही. वरच्या गच्चीतून खाडी आणि समुद्र दिसतो म्हणतात, रोज त्या पाण्याकडे बघत बसत असेल. शनिवार-सोमवार अदलाबदल करा ना. शनिवारी शहर आणि पावस, सोमवारी पुळे-मालगुंड. सोमवारी देवळात गर्दीही कमी.

सरोजमावशी, फतेगंज

ओंकारशी सहमत. शनिवारी शहर ठेवा म्हणजे टिळकांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर पण नीट होईल. सावरकरांना १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलं होतं, तेव्हाचं मंदिर, १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं. सगळ्या जातींना खुलं. बडोद्यात आपण सयाजीरावांच्या शाळांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, मुलांना हेही दाखवायला पाहिजे. धावतपळत फोटो काढून नाही, तिथे बसून सांगायला पाहिजे. माझे वडील सांगायचे तसं मी सांगेन, मला अर्धा तास द्या.

मालगुंडही वगळू नका, केशवसुतांचं घर आहे. पुळ्यापासून अगदी जवळ.

विनूकाका

मी बोट नको म्हणालो म्हणजे विरोध करतोय असं नाही. लेखी घेणार असाल तर माझी हरकत नाही. पण ते बोलणं मी करणार. बसवाल्यांशी मंडळाच्या वतीने दरवेळी मीच बोलतो, ओंकारने मधे नवीन माणूस शोधू नये.

मेधा

अप्पा, गाव बघितलं. ॲपमध्ये अजून कंबोईच आहे. त्या ट्रिपला सेट केलं होतं ते तसंच राहिलं, मी नुसती तारीख बदलत होते. आता जयगड घातलं तर संध्याकाळी पाचला दहा-पंधरा मिनिटं कमी अशी भरती येतेय. तुमचं बरोबर होतं. मी घाईत केलं, सॉरी.

पण मला एक समजत नाहीये, एकच समुद्र ना? कंबोईला सकाळी नऊ आणि जयगडला संध्याकाळी पाच?

अप्पा

मेधा, सॉरी कसलं. चौतीस तिकिटं काढलीस, कुणी केलं असतं?

एकच समुद्र आहे पण भरती सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही. कोकणचा किनारा उघडा. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत अरुंद होत जातं आणि उथळ आहे, तिथे ते पाणी आत सरकायला काही तास लागतात. म्हणजे पहाटे साडेचारला जयगडला चढलेली भरती कंबोईला उन्हं वर आल्यावर पोचते, तीच तुझी नऊची. आणि अरुंद होत गेल्यामुळे पाणी उंच चढतं, उधाणाला दहा मीटरच्या वर, म्हणून अख्खं स्तंभेश्वर बुडतं. रत्नागिरीकडे तेच दोन-तीन मीटर. आजोबांचा पाऊणपटीचा हिशोबही कंबोईला लावला तर चुकेल, तो कोकणचा आहे. ज्या पाण्याकडे जायचं तिथलाच हिशोब पाहिजे.

आता उपाय. दिवस तोच, फक्त उलटा फिरवा. हेदवी पहिलं न ठेवता शेवटचं. बोटीने तवसाळला उतरून न थांबता गुहागर, व्याडेश्वर, दुर्गादेवी, तिथेच जेवण. परत येताना विसेक किलोमीटरवर वेळणेश्वर. मग हेदवी, आधी वरती दशभुज गणपती, साडेचारला खाली उमामहेश्वराच्या देवळाशी, बाजूलाच घळ. पाचला पाणी पूर्ण. डिसेंबरात समुद्र शांत असतो, पावसाळ्यातल्यासारखी कारंजी येतील असं कुणी समजू नये, पण आवाज तर ऐकू येईल, खडकाच्या आतून धडधडत येतो तो. मी सहा वर्षांचा असताना आजीचा पदर सोडला नव्हता.

एक नियम मात्र माझा. घळीच्या कडेला कुणी जायचं नाही. खडक शेवाळाने निसरडे असतात, वरून कोरडे दिसले तरी. देवळाच्या बाजूने लांबून बघायचं, मुलांचे हात धरून.

शुभाताई

अप्पा, म्हणजे सकाळी लवकर निघायची गरज नाही? तर मग माझा प्रश्न सुटला. पुळ्याला खोलीवर सातला तळी भरू. ताम्हन, भंडार, खोबरं, विड्याची पानं सगळं मी इथून आणते, देवांचे टाक पण आणते डब्यात. उचलायला पाच जण लागतात, विनूभाऊ तुम्ही या, तुमचाही देव खंडोबाच. “येळकोट येळकोट” म्हणून नऊपर्यंत आरामात निघता येईल.

ओंकार

नऊला निघालो तर बारापर्यंत गुहागर. ओहोटी पावणेअकराची, म्हणजे वाळू भरपूर रुंद असेल ना? आमच्या गँगला क्रिकेट खेळायचंय. आणि पोहायचं पुळ्याला सोमवारी.

अप्पा

क्रिकेट गुहागरला जरूर. किनारा लांबलचक आणि सपाट आहे, भरती नुकती लागलेली असेल, पाणी सावकाश येईल.

पुळ्याला पोहायचं नाही. तिथली वाळू एकदम उतरते, चार पावलांत गुडघ्याचं पाणी गळ्याला येतं आणि ओढ आत नेते. किनाऱ्यावर पाट्या लावल्यात तरी दरवर्षी मुलं जातात रे तिथे. सोमवारी सप्तमी, साडेअकरापर्यंत पाणी बाहेर खेचणारंच असेल. पुळ्याला टेकडीची प्रदक्षिणा घाला, किलोमीटरभर आहे, समुद्र बाजूलाच दिसतो. हवं तर पाय भिजवा. ह्यावर मी ऐकणार नाही, मुलांच्या आयांनीही इथे लिहून द्यावं.

मेधा

चार आयांचा फोन आला, सगळ्यांचा अप्पांना पाठिंबा. ओंकार, पोहणं बंद.

तर नवीन प्लॅन. शनिवार शहर, थिबा पॅलेस, टिळकांचं घर, पतितपावन (मावशींचा अर्धा तास धरून), दुपारनंतर पावस, परत येताना मांडवी. रविवारी सात वाजता तळी, नऊला बस, बोट, गुहागर, वेळणेश्वर, साडेचारला हेदवी. पावणेसहाला तिथून निघायचंच, तवसाळपर्यंत अर्धा-पाऊण तास. सोमवार पुळे, मालगुंड, वेळ उरला तर जयगड किल्ला. विनूकाका, बसवाल्याशी बोलताना परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ पण विचारून घ्या आणि इथेच लिहा, अंधारात तवसाळला अडकायचं नाहीये.

सरोजमावशी

चंपाषष्ठी म्हटल्यावर वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे पाहिजेत, चातुर्मासात ज्यांनी वांगं-कांदा सोडलाय ते त्या दिवसाची वाट बघत असतात. भरताची वांगी इथून नको, प्रवासात काळी पडतील. रोडग्यांचं पीठ मी खंडेराव मार्केटजवळच्या गिरणीतून दळून आणते. पुळ्याच्या घरमालकांना विचारून घ्या, चूल मिळेल का आणि तिकडे पातीचा कांदा मिळतो का. नसेल तर कांदा मी बरोबर घेते, दोन जुड्या पुरतील ना गं शुभा?

शुभाताई

चौतीस माणसं आहेत मावशी, पाच घ्या.

विनूकाका

बसवाल्याशी बोललो. बोटीत गाडी घालायला तयार आहे, उद्या लेखी देतो म्हणाला. शेवटच्या फेरीचं त्यालाही विचारलंय, जयगडला फोन करून सांगतो म्हणाला. तळीला मी येतो.