लेझर हार्डनिंगच्या (लेझरने पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या) गणिती मॉडेलमध्ये नुसतं तापमान पुरतं का?

धातुवेडा: माझ्या मते अजिबात नाही. बीमखाली पोलादाचा पृष्ठभाग क्षणात ७२७ अंश सेल्सिअसपुढे, म्हणजे पोलादाची रचना बदलू लागते त्या तापमानापुढे जातो. बीम सरकला की आतलं थंड पोलादच उष्णता ओढून घेतं, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. बहुतेक जण ७२७ ची रेषा काढून तिच्यावरचं सगळं कडक झालं असं धरतात. पण ईएन-८ मध्ये (मध्यम कार्बनच्या पोलादात) पिअर्लाइटचं (कार्बन असलेल्या भागाचं) ऑस्टेनाइट (तापल्यावर बनणारी रचना) झटकन होतं, शेजारच्या फेराइटमध्ये (जवळपास कार्बन नसलेल्या भागात) कार्बन पोचायला मात्र वेळ लागतो. तो मिळाला नाही तर मार्टेन्साइटमध्ये (झटकन थंड झाल्यावर बनणाऱ्या कडक रचनेत) मऊ फेराइट उरतं. अ‍ॅशबी-ईस्टरलिंग या संशोधकांनी कार्बनचं हे विसरण (पसरणं) १९८४ मध्येच उष्णतेच्या गणिताला जोडलं होतं. तरी आजही नुसते रंगीत तापमान-नकाशे दाखवले जातात!

भट्टीवाला: आधी सांगा, पृष्ठभाग किती प्रकाश शोषतो हा आकडा कुठून आणणार? पॉलिश केलेला, ऑक्साइड चढलेला, ग्रॅफाइट फवारलेला, प्रत्येकाचा वेगळा. शेवटी कडक थराची खोली जुळेपर्यंत तोच आकडा फिरवता. त्यापेक्षा त्याच मालाचा तुकडा घ्या, लेझरचा एक पट्टा मारा, कापून एच करा (आम्लाने रचना उघडी करा), विकर्स (कडकपणा) मोजा.

धातुवेडा: तुकडा सपाट असतो. तेच सेटिंग डायच्या (साच्याच्या) धारेवर नेलं की उष्णतेला पसरायला जागा नाही, धार वितळते. आणि पायरोमीटरने (दुरून तापमान मोजणाऱ्या उपकरणाने) पृष्ठभागाचं तापमान बांधून ठेवलं, की गणितात तेच तापमान घालता येतं. शोषणाचा आकडा लागतच नाही.

भट्टीवाला: पायरोमीटरला उत्सर्जकता (पृष्ठभाग किती किरण बाहेर टाकतो तो आकडा) कोण देणार? अडचण तीच, फक्त जागा बदलली.

सूक्ष्मदर्शी: दोघांनीही सुरुवातीची रचना सोडली. तेच पोलाद आधी क्वेंच-टेम्पर केलेलं (झटकन थंड करून पुन्हा थोडं तापवलेलं) असेल तर कार्बाइड (लोह-कार्बनचं संयुग) बारीक विखुरलेलं असतं, कार्बनला लांब जावं लागत नाही आणि थर एकसारखा कडक होतो. नॉर्मलाइज केलेल्या (तापवून हवेत थंड केलेल्या) मालावर त्याच सेटिंगला फेराइटची बेटं दिसतात. म्हणून भट्टीवाल्यांचा तुकडाही फक्त त्याच रचनेपुरता खरा. आणि धातुवेडा, किती मार्टेन्साइट बनेल ते सांगणाऱ्या कॉइस्टिनेन-मारबर्गरच्या सूत्रात सरासरी कार्बनवरून काढलेलं एमएस (मार्टेन्साइट बनू लागतं ते तापमान) घालू नका. जिथे कार्बन जास्त तिथे एमएस खाली जातं आणि ऑस्टेनाइट शिल्लक राहतं. शेजारचा पट्टा मारताना आधीच्याची कड टेम्पर होऊन मऊ पडते, तेही मॉडेलमध्ये हवं.

भट्टीवाला: रचनेचं मान्य. मग दोन्ही रचनांचे तुकडे कापेन. धारेसाठी जॉबचीच धार बनवून घेईन. मॉडेलवर विसंबून डाय मात्र लेझरखाली ठेवणार नाही.