किडनी बंद पडली, मग गोळ्या का चालू?

एका ताईंनी विचारलंय की मुलाला बसवलेली किडनी बंद पडून डायलिसिस सुरू झालंय, तर टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आता कशासाठी द्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण लहान मुलाला पुढे बहुधा आणखी एकदा, कधी दोनदाही प्रत्यारोपण लागतं. औषधं एकदम थांबवली की शरीर परक्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला लागतं आणि जुळणारा दाता मिळणं मुश्कील होऊन बसतं. म्हणून दुसरं प्रत्यारोपण लवकर होण्याजोगं असेल, तर बरेच डॉक्टर आधी मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन ही त्याच कामाची जोडीची औषधं कमी करतात, टॅक्रोलिमस मात्र चालू ठेवतात. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल किंवा कॅन्सर निघाला, तर गणित औषधं कमी करण्याकडे झुकतं.

स्टिरॉइड मात्र परस्पर बंद करू नका, हे ठासून सांगतो. बरीच वर्षं घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारं नैसर्गिक स्टिरॉइड) कमी बनतं. मग गोळी अचानक थांबवली तर साध्या तापातही उलट्या, गळून जाणं, रक्तदाब घसरणं होऊ शकतं. स्टिरॉइड हळूहळूच उतरवतात.

बंद पडलेली ही बसवलेली किडनी काढायलाच हवी असंही नाही. थोडीफार लघवी होत असेल तर पाणी मोजून पिण्याचा जाच कमी होतो. पण जंतू सापडत नाहीत आणि ताप हटत नाही, त्या जागी दुखतंय, लघवी लालसर होतेय, असं असेल तर काढायचा विचार करतात.

मुलगा वयात आलेला असेल तर "तूच गोळ्या चुकवल्यास" हे ऐकवणं आधी थांबवा. नवी किडनी मिळाल्यावर गोळ्या त्यालाच घ्यायच्या आहेत.