मदत हवी आहे: लॅपटॉपवर चालते, होस्टिंगवर ५००

कातळावरचा (रात्री ११:५२)
मंडळी, वैताग आलाय. आमच्या देवगडच्या आंब्यांची साईट लॅपटॉपवर मस्त चालते, होस्टिंगवर टाकली की पांढऱ्या पानावर ५०० (सर्व्हरची एरर). परवापासून सगळं करून बघितलं. झिप दोनदा चढवली, परमिशन बघितल्या, काही फरक नाही. पाडवा आठवड्यावर आलाय आणि काकांनी मुंबईच्या अर्ध्या गिऱ्हाइकांना फोन करून "यंदा पेटी साईटवरून बुक करा" सांगून टाकलंय. लवकर सांगा प्लीज.

टर्मिनलवाला
साईट कशात आहे? वर्डप्रेस, लाराव्हेल, नोड? होस्टिंग शेअर्ड (अनेकांच्या साईट एकाच सर्व्हरवर) की व्हीपीएस (आपणच सांभाळायचा वेगळा सर्व्हर)? पीएचपी कुठली? 'सगळं' म्हणजे नक्की काय काय केलंत?

चाकरमानी
मुळात साईट हवीच कशाला? आमचे मेहुणे व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतात. नाव वहीत, पैसे यूपीआयवर, पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दादरला. सर्व्हर नाही, काही नाही.

कातळावरचा
वहीनेच घात केलाय हो. गेल्या मोसमात एकच पाच डझनी पेटी काकांनी एकाला, काकूने दुसऱ्याला आणि आजीने तिसऱ्याला कबूल केली.
लाराव्हेल १०, शेअर्ड, सीपॅनेल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल). कंपनीचं नाव विचारू नका, त्यांच्या चॅटवाल्याने "कॅशे क्लिअर करा" सांगून चॅट बंद केलं.

जुगाडू
स्टोरेज फोल्डरला ७७७ परमिशन द्या, म्हणजे कोणालाही लिहायची मुभा. माझं दरवेळी त्यानेच चालतं.

सुपारीबाग
७७७ अजिबात देऊ नका. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालते, त्यामुळे फोल्डरला ७५५ आणि फाईलला ६४४ पुरतं. काही सर्व्हर तर ७७७ दिसलं की स्वतःहून ५०० फेकतात. म्हणजे रोग होता एक, औषधाने झाले दोन.

जुगाडू
माझ्या चार साईट ७७७ वर चालू आहेत. पुस्तकी ज्ञान वेगळं.

सुपारीबाग
चालू आहेत ते दिसतंय. त्या अजून कोण कोण चालवतंय ते तपासा.

गजाली
मेल्या, आधी एरर काय ता सांग. स्टोरेजमधल्या लॉग्जमध्ये लाराव्हेल डॉट लॉग उघडून बघ.

कातळावरचा (सकाळी ७:१०)
रात्री लाईट गेली होती. लॉगमध्ये नवीन काही नाही. फाईल आहे, पण शेवटची नोंद फेब्रुवारीतली, लॅपटॉपवरची. डॉट ईएनव्हीमध्ये (सेटिंग्ज आणि पासवर्डची फाईल) डीबग ट्रू केलं, म्हणजे एरर पानावर दिसावी, तरी पान पांढरंच.

व्हीपीएसप्रेमी
शेअर्डवर लाराव्हेल म्हणजे होडीत बैल चढवणं. क्यू वर्कर (मागची कामं उरकणारा प्रोग्रॅम) सतत चालू राहत नाही, टर्मिनल मिळेलच असं नाही. सरळ छोटा व्हीपीएस घ्या, एनजिनेक्स टाका, सुटाल.

सुपारीबाग
पेट्यांच्या बुकिंगला व्हीपीएस घेऊन त्याची सुरक्षा, अपडेट आणि बॅकअप कोण बघणार, काका? क्यू हवीच असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवायची सोय) दर मिनिटाला क्यू वर्क लावा आणि 'काम संपलं की थांब' हा पर्याय द्या. ईमेल जाण्यापुरतं भागतं.

धागाकर्ते, डीबग ट्रू करूनही काही दिसत नाही, हीच खूण आहे. लाराव्हेल तुमची डॉट ईएनव्ही वाचतच नाहीये. लॅपटॉपवर कधी कॉन्फिग कॅशे केलं होतं का?

मोसमी
साईटवर कुलूप दिसत नसेल तर सीपॅनेलमध्ये एसएसएल स्टेटसमध्ये जाऊन ऑटोएसएसएल रन करा. माझं त्याने झालं.

टर्मिनलवाला
कुलपाचं कोणी विचारलेलं नाही.

कातळावरचा
व्हिडिओत "लाईव्ह करण्याआधी ऑप्टिमाईझ करा" म्हणाले होते, तेव्हा दोन-तीन कमांड मारल्या होत्या. त्याचा काय संबंध? ते लॅपटॉपवर केलंय.

सुपारीबाग
तोच संबंध. त्या कमांडने सगळी सेटिंग्ज एका फाईलमध्ये गोठतात, विंडोजच्या पाथसकट. ती फाईल झिपमधून वर गेली. आता लिनक्सवरचा सर्व्हर बिचारा सी ड्राइव्ह शोधतोय. पब्लिक_एचटीएमएलमध्ये (जगाला दिसणारं साईटचं फोल्डर) एखादं विचित्र नावाचं फोल्डर तयार झालंय का बघा.

कातळावरचा
आई शप्पथ! 'सी:\झॅम्प\एचटीडॉक्स\आंबा\स्टोरेज\लॉग्ज' एवढं लांबलचक नाव असलेलं एकच फोल्डर आहे. आत लॉग आहे, ९ एमबी! परवापासूनच्या सगळ्या एरर तिथे.

गजाली
देवगडात बसान सी ड्राइव्ह शोधता सर्व्हर! 😂

सुपारीबाग
बूटस्ट्रॅपच्या आत कॅशे फोल्डर आहे, त्यातली कॉन्फिग डॉट पीएचपी उडवा. राऊट्सची कॅशे फाईल असेल तर तीही. टर्मिनलची गरज नाही, फाईल मॅनेजरमधून होतं. ते विचित्र फोल्डरही काढा.
आणखी एक. पब्लिक_एचटीएमएलमध्ये अख्खा प्रोजेक्ट टाकलाय का? ब्राउझरमध्ये तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि डॉट ईएनव्ही लिहून बघा.

कातळावरचा
अख्खाच आहे. पब्लिकमधली इंडेक्स आणि एचटीअ‍ॅक्सेस बाहेर आणून पाथ बदलले होते.
आणि हो… उघडली. डेटाबेसचा पासवर्ड जगाला दिसतोय. घाम फुटला.

सुपारीबाग
प्रोजेक्ट पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर, शेजारी नवीन फोल्डरमध्ये हलवा. आत फक्त पब्लिकमधल्या वस्तू राहू द्या आणि इंडेक्समधले पाथ नव्या जागेचे करा. डॉटने सुरू होणाऱ्या फाईल दिसत नसतील तर फाईल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये हिडन फाईल्सवर खूण करा, नाहीतर नेमकी तीच मागे राहते. मग डेटाबेसचा पासवर्ड बदला, अ‍ॅपची कीसुद्धा नवीन.

चाकरमानी
अवांतर: देवगड म्हणता, पण आंबा खरा देवगडचाच ना? इथे कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकतात.

हापूसभक्त
म्हणूनच तर २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं.

गजाली
जीआय काय फक्त देवगडाक नाय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाचय जिल्ह्यांक आसा.

हापूसभक्त
कागदावर पाच असतील. कातळावरच्या कलमाची चव पालघरला येणार का?

टर्मिनलवाला
धागा आंब्यावर गेला. वेगळा काढा.

कातळावरचा (दुपारी ३:४०)
सगळं हलवलं. ५०० गेलं. आता "अ‍ॅक्सेस डिनाइड फॉर यूजर" येतंय. पासवर्ड तीनदा तपासला.

टर्मिनलवाला
सीपॅनेल डेटाबेसच्या आणि यूजरच्या नावाआधी तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोअर जोडतं. पूर्ण नाव लिहा. शिवाय यूजर नुसता बनवून चालत नाही, त्याला त्या डेटाबेसला जोडून सगळे हक्क द्यावे लागतात. होस्ट लोकलहोस्टच.

कातळावरचा
जोडायचाच राहिला होता 🙏 साईट उघडली! आता फक्त फोटो गायब आहेत, तेही सगळे नाही. पायरी दिसते, हापूस दिसत नाही.

सुपारीबाग
फाईलचं एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरात आणि कोडमध्ये लहान, असं असणार. विंडोजला चालतं, लिनक्स दोन वेगळ्या फाईली समजतो.

कातळावरचा
बरोबर. तो फोटो काकांच्या कॅमेऱ्यातला, त्याचं जेपीजी मोठ्या लिपीत. सुपारीबाग ताई, तुम्हाला एक पेटी माझ्याकडून.

जुगाडू
आणि मला? ७७७ चं कोणी बघितलंच नाही.

चाकरमानी
लिंक व्यनि (खाजगी निरोप) केलीत, उघडली. छान आहे. पण हापूस पाच डझनी "संपली" दाखवतंय. अजून पाडवा व्हायचाय हो.

कातळावरचा
तो टेस्टिंगचा डेटा वर गेलाय. थांबा, काकांना विचारून खरा आकडा टाकतो. ते बागेत आहेत, तिथे रेंज नाही.